ओला पुठ्ठा

बाणेरच्या 'खापर'मध्ये दुपारी साडेबाराला चौघांचं एक टेबल भरलं. शेजारच्या ऑफिसातली मंडळी असावीत. ओळखपत्रं अजून गळ्यातच होती. वेटरनं चार ग्लास बिअर आणून ठेवली, पण एकानंही ग्लास तोंडाला लावला नाही. त्यांच्यातल्या एकीनं आपल्या ग्लासातली घोटभर बिअर टेबलावरच्या डब्यात ओतली. डबा जेवणाच्या डब्याएवढा, पितळी रंगाचा, वर एक छोटं नरसाळं. पाच-सहा सेकंदांनी त्यातून घोटीव पुरुषी आवाज आला, "भाजलेल्या धान्याचा उबदार दरवळ. मागे जुन्या पुस्तकांची सौम्य, शहाणी आठवण. शंभरापैकी ब्याण्णव."

"ब्याण्णव!" चौघं एकदम म्हणाले आणि मग प्यायले. बिअर आवडली. डब्यानं ब्याण्णव दिल्यावर न आवडून सांगतात कुणाला?

कोपऱ्यातल्या टेबलावर शालन ताकवले साधं पाणी घेऊन बसली होती. जुन्या पुस्तकांची शहाणी आठवण ऐकून तिला हसू आवरेना. तो वास पुस्तकांचा नव्हताच, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा होता. बिअरला हवा लागली, ती शिळी झाली, की तिला हा वास येतो. चाखणारे त्याला सरळ 'पुठ्ठा' म्हणतात आणि तो ग्लास बाजूला सारतात. इथे चार शिकलीसवरली माणसं मिटक्या मारत पुठ्ठा पीत होती. शालनला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. मोठ्या स्पर्धेला आता चारच दिवस उरले होते.

डब्याचं नाव 'रसज्ञ'. राज्यातल्या प्रत्येक पबात, दुकानात आणि ब्रुअरीत तो होता, आणि तो सांगेल तीच चांगली बिअर, असं आता ठरून गेलं होतं. डब्यातला आवाज निरंजन खासनीसचा होता. शब्दही त्याचेच. जीभ मात्र शालनची होती, आणि ही गोष्ट खासनीस, शालन आणि त्यांच्या प्रयोगशाळेतली मोजकी माणसं सोडून कुणालाही ठाऊक नव्हती.

रसज्ञ घडला होता टाळूपट्टीतून. टाळूपट्टी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पट्टी. ती टाळूला चिकटवली की जिभेकडून आणि नाकाकडून मेंदूकडे जाणारे संदेश टिपून घेते. काय लागलं हे तर टिपतेच, पण लागलेलं किती आवडलं हेही टिपते. त्यासाठी ती शब्दांवर विसंबत नाही. लाळ किती सुटली, गिळताना घसा किती सैल झाला, दुसऱ्या घोटासाठी जीभ किती आतुर झाली, हे मोजते. वाइन चाखणारे चाखून थुंकतात. बिअर चाखणाऱ्याला गिळावं लागतं, कारण कडवटपणाचा खरा निकाल घशात लागतो. "तोंडाला खोटं बोलता येतं, लाळेला येत नाही," असं खासनीस प्रत्येक भाषणात म्हणायचा. वाक्य शालनचं होतं, पण ते जाऊ द्या. तिचं त्यानं इतकं काही उचललं होतं, की एका वाक्यासाठी भांडायला नको.

दोघांची ओळख झाली ती चाखण्याच्या प्रशिक्षणात. तिथे साध्या बिअरच्या ग्लासांत एकेका दोषाचा थेंब घालून देतात, एकात लोण्याचा वास, एकात उकडलेल्या मक्याचा, एकात पुठ्ठ्याचा, आणि दोष ओळखायला सांगतात. पुष्कळ नाकांना एखादा वास मुळातच कळत नाही. खासनीसचं नाक दिसायला अगदी सरळ, पण पुठ्ठ्याच्या बाबतीत ठार आंधळं. परीक्षेच्या दिवशी तो घामाघूम झालेला पाहून समोर बसलेल्या शालनला दया आली. पुठ्ठ्याच्या ग्लासाची पाळी आली तशी तिनं कानातली कुडी चिमटीत धरली. खासनीस हुशार. त्यानं डोळे मिटून, मान डोलावून उत्तर लिहिलं. पुढे दहा वर्षं ही खूण दोघांत चालली. तो बिअरवर लिहायचा, आणि असं लिहायचा की वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. पुठ्ठा आला की शेजारची शालन कुडीला हात लावायची.

टाळूपट्टी हाती आली तेव्हा तो म्हणाला होता, "शालनताई, हे आपण दोघं करू." तिनं चार वर्षं दिली. रोज सकाळी दहाला चाखायला बसायचं, कारण सकाळी जीभ ताजी असते. चार वर्षं तिनं सकाळचा चहा सोडला, मिसळ सोडली, केसांना वासाचं तेल लावलं नाही. अकरा हजार नमुने तिच्या जिभेवरून गेले. आणि उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावर एकटा खासनीस उभा राहिला, त्यानं स्वतःच्या टाळूवरून एक पट्टी सोलून काढली, दिव्याच्या उजेडात धरली आणि म्हणाला, "ही माझी जीभ. आजपासून तुमची." टाळ्यांचा कडकडाट झाला. शालन सातव्या रांगेत होती. तिनंही दोन टाळ्या वाजवल्या, कारण हात आपोआप उठले होते. त्या दोन टाळ्यांची लाज तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या केबिनमध्ये गेली.

"चिडू नका ताई," तो म्हणाला. "लोकांना एक चेहरा लागतो."

"जीभ माझी आहे."

"चवीवर मालकी नसते हो. वकिलांना विचारूनच घेतलंय मी. आणि जरा विचार करा, ही जीभ शिरूरच्या कुठल्या मळ्यावर भाकरी खाऊन वाढलीय म्हटल्यावर तिला विचारणार कोण? तुम्ही दर सोमवारी जुळवणीला येत जा. तुमची नोकरी पक्की आहे."

भाकरीचा शब्द शालननं गाठीशी बांधून ठेवला.

जुळवणी म्हणजे रसज्ञाचा आठवड्याचा इलाज. डब्यांतले संवेदक जुने होतात, भरकटतात. म्हणून दर सोमवारी बावधनच्या प्रयोगशाळेत शालननं टाळूपट्टी लावून वीस नमुने चाखायचे, आणि राज्यभरातले सगळे डबे तिच्या जिभेशी जुळवून घ्यायचे. कुणी मुद्दाम घोटाळा करू नये म्हणून एक नियम होता. मागच्या सोमवारपेक्षा आवडीत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडला, तर यंत्र ओरडणार. हा नियम शालननंच लिहिला होता, त्यामुळे त्याला वळसा कसा घालायचा हे शोधायला तिला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

ती सोमवारी जातच राहिली. प्रयोगशाळेतली माणसं मागे म्हणायची, बाईंना कणाच नाही, इतकं होऊनही येतात. शालन ऐकायची आणि टाळूला पट्टी चिकटवायची.

लाळेला खोटं बोलता येत नाही हे खरं. पण लाळेला शिकवता येतं. उपाशी पोटी जे मिळतं त्याची चव शरीर आपली मानतं. त्या चवीमागून अन्न आलं हे ते विसरत नाही. शालननं जेवण दुपारी चारपर्यंत लांबवायला सुरुवात केली. चारला पोटात कावळे ओरडत असताना ती ज्वारीची भाकरी थापायची, तव्यावरून उतरली की तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवायची, आणि पहिला घास घेण्याआधी एक घोट शिळी बिअर प्यायची. सुरुवातीला पुठ्ठा इतका थोडा असायचा की तिचा तिलाच जेमतेम कळावा. मग रोज नखभर जास्त. बिअरच्या बाटल्या तिनं गच्चीत उन्हाला लावून ठेवल्या होत्या, कुणी पापड घालावेत तशा. पहिले दोन महिने तिला ओकारी यायची. तिसऱ्या महिन्यात येईनाशी झाली. सातव्या महिन्यात एके दिवशी बाजारातून येताना भिजलेल्या खोक्यांच्या ढिगाजवळून ती गेली आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. ती तिथेच थांबून खुदकन हसली. भाजीवालीला वाटलं बाईंना काहीतरी आठवलं.

सोमवारमागून सोमवार गेले. अर्धा टक्का, अर्धा टक्का, कधी त्याहूनही कमी. यंत्र एकदाही ओरडलं नाही. शालनची जीभ सरकत गेली आणि तिच्यामागे राज्यातले सगळे डबे सरकत गेले. ताज्या बिअरचे गुण उतरू लागले, शिळीचे चढू लागले. ब्रुअरीवाल्यांना आधी कळेना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गोदामात राहून गेलेल्या मालाला जास्त गुण पडतात, आणि दोन महिन्यांत चाकणपासून नाशिकपर्यंत लोकांनी बिअरची पिंपं उन्हात काढून ठेवली. ज्यांना खरी चव कळत होती त्यांनीही ठेवली. डब्याशी वाद कोण घालणार? आणि ज्या एका माणसानं हे थांबवायला हवं होतं, तो रोज तीच बिअर पिऊन जुन्या पुस्तकांच्या आठवणींवर लेख लिहीत होता.

एकाच माणसानं पिंपं उन्हात ठेवली नाहीत. पास्कल तुस्कानो मूळचा वसईचा, भूगावला त्याची छोटीशी ब्रुअरी होती. तो सुकेळी घालून काळी बिअर करायचा. वसईची वाळवलेली केळी, मधासारखी चिकट, जोडीला भाजलेली नाचणी. अकरा हजार नमुन्यांत शालनला सगळ्यांत आवडलेली बिअर ही. उद्घाटनाच्या वर्षी रसज्ञानं तिला एक्क्याण्णव गुण दिले होते. मग चौऱ्याऐंशी. मग एकाहत्तर. अठ्ठावन्नवर आली तेव्हा पबांनी ती घेणं बंद केलं.

"शालन, तू तर तिथं काम करतेस," पास्कल एकदा म्हणाला होता. "बघ ना गं जरा, माझं काय चुकतंय? मी तर तसंच करतो, जसं आधी करायचो."

"बघते हं, पास्कलभाऊ," ती म्हणाली.

त्या रविवारी ती भाकरीशिवाय जेवली. सोमवारी सगळं सोडून द्यावं, खासनीसच्या तोंडावर पट्टी फेकून निघून यावं, असं तिला मनापासून वाटलं. पण अजून वर्षभर लागणार होतं, आणि आत्ता थांबलं तर खासनीसला ओरखडाही उठणार नव्हता. सोमवारी तिनं वीस नमुने चाखले. पुढच्या महिन्यात पास्कलनं ब्रुअरीला कुलूप लावलं आणि तो चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरीला लागला. हे तिनं केलं. सुडाच्या नादात केलं, आणि ठाऊक असून केलं.

स्पर्धा पुण्यातच होती, सकाळी दहाला. रसज्ञ आता परदेशी विकायचा होता, म्हणून खासनीसनं बाहेरून सहा परीक्षक बोलावले होते. रसज्ञानं निवडलेली सर्वांत उत्तम बिअर ते चाखणार, आणि सगळं जग मान्य करणार. शालनला त्यानं पहिल्या रांगेत बसवलं. त्यात माया नव्हती. इतक्या लोकांसमोर चाखायची वेळ आली, तर कुडी दिसायला हवी होती.

परीक्षकांपुढे ग्लास आले. बेल्जियमच्या मार्लीनबाई सत्तरीच्या, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि थांबल्या. शेजारच्याकडे पाहिलं. मग एक घोट घेतला, आणि टेबलाखालची बादली ओढून त्यात थुंकल्या. एका पाठोपाठ सहाही जण थुंकले. बिअर चाखणारा थुंकत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मार्लीनबाई बोलल्या, आणि सगळ्यांच्या कानांतल्या दुभाषा यंत्रानं मराठीत सांगितलं, "ही शिळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. चुकून जुना माल आला का?"

खासनीस हसला. माईक हातात घेऊन तो पुढे झाला, त्यानं तोच ग्लास उचलला, डोळे मिटून वास घेतला. "बाईसाहेब, हा पुठ्ठा नाही. ही आमच्या मातीतली खोली आहे. जुन्या ग्रंथालयात पाऊल टाकावं तशी..."

"मिस्टर खासनीस," मार्लीनबाईंनी त्याला मध्येच थांबवलं. त्यांनी सहायकाला खूण केली. त्यानं पाठ वळवून तीन ग्लास भरले, दोनांत त्यांनी बरोबर आणलेली ताजी बिअर, एकात ही. तीन ग्लासांतून वेगळा ओळखायचा, ही चाखणाऱ्यांची पहिल्या इयत्तेची परीक्षा. "वेगळा कुठला, तेवढं सांगा."

त्यानं पहिल्याचा वास घेतला, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा. कपाळावर घाम दिसू लागला, सतरा वर्षांपूर्वी परीक्षेत दिसला होता तसाच. मग त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं.

शालन त्याच्याकडेच बघत होती. मधल्या ग्लासातून येणारा वास तिला इतक्या लांबूनही कळत होता. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. खासनीसनं मधल्या ग्लासावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यानं डावीकडच्यावर बोट ठेवलं. हात मांडीवरच. उजवीकडच्यावर ठेवलं. त्याचे ओठ हलले, ताई, असं काहीसं. शालननं एक बोटही हलवलं नाही. अशा क्षणासाठी माणूस किती वर्षं थांबू शकतो, हे तिला आता माहीत होतं, आणि थांबल्याचं तिला काडीइतकंही दुःख नव्हतं.

त्यानं शेवटी उजवा ग्लास उचलला. मार्लीनबाईंनी मान हलवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मागून कुणीतरी हसलं, आणि मग हसणं थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात उभा होता. दाढी केलेली नव्हती.

"तुम्ही केलंत हे," तो म्हणाला.

"मी काय केलं? मी तर काहीच केलं नाही. सगळ्यांनी पाहिलं."

"मी जाहीर करतो, जीभ तुमची आहे. नाव तुमचं लावतो, सगळीकडे. फक्त सोमवारी या आणि हे पहिल्यासारखं करा. डबे परत यायला लागलेत, ताई."

"चवीवर मालकी नसते हो," शालन म्हणाली. "माझं नाव कसं लावाल? आणि एक सांगा, सोमवारी भाकरी खाऊन येऊ की न खाता?"

तिनं दार लावलं, आणि त्या दिवशी दहा वाजता, सात वर्षांत पहिल्यांदा, मिसळ मागवून खाल्ली. झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं तरी तिनं कट संपवला.

तीन महिन्यांत रसज्ञ बंद पडला. पबांच्या टेबलांवर डब्यांच्या जागी पुन्हा मिठाच्या डब्या आल्या. पास्कलनं चाकणची नोकरी सोडून भूगावचं कुलूप उघडलं, आणि पहिलं पिंप तयार झालं त्या दुपारी शालनला बोलावून घेतलं. अंगणात टेबल मांडलं होतं. काळ्या बिअरवर फिकट तपकिरी फेस, भाजलेली नाचणी, मागून सुकेळी.

"तूच पहिली," पास्कल म्हणाला. "जशी आधी करायचो तशीच केलीय. ग्रॅमभरसुद्धा इकडचं तिकडे नाही."

शालननं वास घेतला, घोट घेतला, गिळला.

काहीच झालं नाही. सगळं होतं, जिथल्या तिथे होतं, ती एकेक नाव घेऊन सांगू शकली असती. पण तोंड कोरडं राहिलं. बिअर तिला रिकामी लागली, मीठ घालायचं राहून गेलेल्या आमटीसारखी. आणि काय राहून गेलंय हे तिला लगेच कळलं. तिनं आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. घसा काही सैल होईना.

"कशी झालीय?"

"छान," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. पास्कलला वाटलं आनंदानं.

पलीकडच्या बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं, पहिलीच गिऱ्हाइकं. मुलीनं घोट घेतला, नाक मुरडलं. "बरी आहे. पण काहीतरी कमी वाटतंय ना?" मुलगा म्हणाला, "हो ना. पूर्वीसारखी मजा नाही राहिली."

शालननं ग्लास खाली ठेवला आणि पास्कलला सगळं सांगून टाकलं. टाळूपट्टी, सोमवार, गच्चीतल्या बाटल्या, चारची भाकरी. त्याची ब्रुअरी कुणामुळे बंद पडली तेही. बोलताना ती त्याच्याकडे बघू शकली नाही. पास्कल ऐकत राहिला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. उठून तो आत गेला, नळ चालू केला, बंद केला, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला.

"लय वाईट केलंस शालन," तो म्हणाला. "त्या माणसाचं मला काय नाय. माझं केलंस, ते लय वाईट केलंस."

"हो."

तो समोर बसला. राग गेलेला नव्हता. पण बिअर करणाऱ्या माणसाच्या डोक्यात बिअर आधी येते. थोड्या वेळानं तो म्हणाला, "शिकवलेली जीभ परत शिकवता येईल की नाही?"

"येईल. उपाशी राहायचं, आणि मग भाकरीबरोबर ही प्यायची. रोज. दोन वर्षं लागतील कदाचित. पण बरोबर चव कुठली, हे शेजारी बसून सांगणारं कुणीतरी लागेल. माझ्या जिभेवर आता माझाच भरवसा नाही."

"मी आहे ना," पास्कल म्हणाला. "उद्यापासून चारला इथे ये. माझी बिअर मला नाय कळणार तर कुणाला?"

शालन त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर हा माणूस चाकणच्या कारखान्यात उन्हातली पिंपं तपासत होता. सकाळी सहाला घरून निघायचा, दुपारी उशिरा भुकेला होऊन जेवणाचा डबा उघडायचा, आणि डब्याशेजारी तपासणीचा ग्लास असायचा. हे त्यानंच तिला हसत हसत सांगितलं होतं.

तिनं आपला अर्धा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"पास्कलभाऊ, तुम्ही ही अजून प्यायला नाहीत. एक घोट घ्या आणि मला खरं सांगा, तुम्हाला कशी लागते?"

पास्कलनं ग्लास उचलला, घोट घेतला आणि गिळला. त्यानं दुसरा घोट घेतला, आणि त्याच्या कपाळाला हळूहळू आठी पडू लागली.